पाहुणे फ्लाय फिशिंगवाले, यजमान गरीवाला: तयारी काय करावी?

नचिकेत_दादर

नमस्कार मंडळी.

जानेवारीत स्कॉटलंडहून एक मित्र आणि त्याची बायको दोन आठवड्यांसाठी आमच्याकडे येताहेत. मी तिकडे नोकरीला होतो तेव्हा या दोघांनी मला घरच्यासारखं सांभाळलं, त्यामुळे पाहुणचारात कसर ठेवायची नाहीये. घारापुरी, राणीची बाग, माटुंग्याची इडली हे सगळं ठरलंय. घोडं अडलंय एकाच ठिकाणी. दोघांनाही फ्लाय फिशिंगचं, म्हणजे पिसांच्या खोट्या किड्यावर मासा पकडायचं, प्रचंड वेड. मेलमध्ये लिहिलंय की दोन-तीन दिवस माशांसाठी राखून ठेव, रॉड आम्ही आणतो, तुलाही शिकवतो.

माझा अनुभव म्हणजे आजोळी हर्णैला मामाबरोबर गरवायला जायचो तेवढाच. नायलॉनचा दोरा, शिशाचा गोळा, गरीला कोळंबी. हे फ्लायवालं प्रकरण फक्त व्हिडिओत बघितलंय.

तर कुठे न्यावं? माझ्या डोक्यात सरळ हिमाचल आहे, तीर्थन खोऱ्यात ट्राउट. बायकोचं म्हणणं, स्कॉटलंडच्या माणसाला थंडीत ट्राउट दाखवायला एवढ्या लांब न्यायचं म्हणजे आपल्याला पैसे वर आलेत. माझ्यासाठी काही सामान घेऊ का? आणि त्यांच्यासमोर अगदीच शोभा होऊ नये म्हणून आधी काय शिकून ठेवू?

उनाड_ठाणेकर

वहिनी जिंकल्या. हिमाचलात ट्राउटचा बंदीकाळ १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर. विणीचा हंगाम असतो, त्यामुळे परवानाच मिळत नाही. काश्मीरलाही थंडीत तेच. जानेवारीत तीर्थनला गेलात तर नदीकाठी बसून मॅगी खाता येईल. छान लागते, पण त्यासाठी रॉड लागत नाही.

टिवल्याबावल्या

सिटीलाइटच्या मार्केटला घेऊन जा. मासा हमखास मिळतो, कौशल्य फक्त भाव करण्यात आहे. ते मित्राच्या बायकोला तुझ्या बायकोने शिकवावं, तू पिशवी धर.

मुग्धा_ऑकलंड

नचिकेत, मी इथे टाउपो तळ्याला मिळणाऱ्या टोंगारिरो नदीवर जमेल तेव्हा जाते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपल्या गरवण्यात शिसं पुढे जातं आणि दोरा त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायला वजन नसल्यासारखंच, ती पिसं आणि केस बांधून केलेली असते. वजन असतं ते लेप दिलेल्या जाड लाइनला. गोफणीत दगड उडतो, इथे गोफणीची दोरीच उडवायची आणि दगडाच्या जागी कापूस बांधायचा, असं समज. रॉडचा नंबर म्हणजे या लाइनच्या वजनाचा नंबर. पाच नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, आठ नंबरचे साडेतेरा. ट्राउटवाले बहुतेक चार-पाच नंबर वापरतात. खाडीत, वाऱ्यात, जड फ्लाय घेऊन त्याने काही होणार नाही. तेव्हा आजच मेल कर आणि विचार की आठ नंबरचा रॉड आहे का. स्कॉटलंडमध्ये सॅमन आणि सी ट्राउटसाठी सात-आठ नंबर असतात, त्यामुळे घरात निघेल बहुधा.

दुसरं, आणि हे फार लोक विसरतात: थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन आपल्या उन्हात मऊ पडते, चिकट होते आणि रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. उष्ण कटिबंधासाठी वेगळ्या, कडक गाभ्याच्या लाइनी मिळतात. ती एक त्यांनी तिकडूनच घेऊन यावी. मुंबईतल्या दुकानांत स्पिनिंगचं (जड आमिष रिळाने फेकायचं) सामान मिळतं, फ्लायचं क्वचितच.

तिसरं म्हणजे बूट आणि जाळं धुऊन खडखडीत वाळवून आणायला सांग. इथे २००४ मध्ये दक्षिण बेटावरच्या नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, ते अजून गेलेलं नाही. ते बुटांबरोबर पसरतं, म्हणून ओल धरणाऱ्या फेल्टच्या (नमद्याच्या) तळव्यांच्या बुटांवर २००८ पासून बंदी आहे. त्यांच्या नदीतला चिखल आपल्या नद्यांत नको.

तू स्वतःसाठी काहीही विकत घेऊ नकोस. पोलराइज्ड गॉगल तेवढा घे. पाण्यात दिसतंही आणि डोळेही वाचतात.

नचिकेत_दादर

मुग्धाताई, मेल केला आणि लगेच उत्तर आलं. आठ नंबरचा एक आहे, एक सात नंबरचा आहे. लाइन घेतो म्हणाला. हिमाचल रद्द. (बायको हे वाचतेय आणि हसतेय.)

आता कुठे?

पवईकर_काका

नचिकेतराव, पवई तलाव विसरू नका. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५ पासून तिथे आहे. रोहू, कटला आहेत. आधी जाऊन पाहुण्यांबद्दल रीतसर चौकशी करा, आयत्या वेळी गेटवर हुज्जत नको. मात्र हे मासे पिठाच्या गोळ्याला लागणारे, फ्लायला क्वचित तोंड लावतात. शिवाय जलपर्णी वाढलेली असली की लाइन अडकून जीव मेटाकुटीला येतो.

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायची सवय असलेल्यांना एक मात्र जरूर सांगा. पवईत मगरी आहेत.

विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात. तिकडे रॉड घेऊन फिरकूही नका.

टिवल्याबावल्या

काका, मगरीचं आधी सांगायचं, रोहू-कटला नंतर.

सह्यभटक्या

फ्लायवर पकडावा असा आपल्याकडचा खरा मासा म्हणजे महसीर. आणि तो आपलाच. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या मुळा-मुठेत काय आहे ते पुणेकरांनी सांगावं.

टाटांनी लोणावळ्याला वळवणला सत्तरच्या दशकापासून महसीरची पैदास चालवली आहे, लाखोंनी पिल्लं सोडली. पण धरण टाटांचं, परवानगीशिवाय काठावर जायचं नाही. बाकीच्या बऱ्याच धरणांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना न विचारता गळ टाकला तर भांडण विकत घेतलं म्हणून समजा, आणि ते बरोबरही आहे.

महाडजवळ वाळण कोंड आणि वाडा गावाजवळ तिळसे इथे देवाचे मासे आहेत. हातभर लांबीचे महसीर कुरमुरे खायला पायाशी येतात. पाहुण्यांना दाखवायला जरूर न्या. रॉड गाडीतसुद्धा नको. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेत म्हणून उरलेत.

उनाड_ठाणेकर

@सह्यभटक्या, वळवणच्या पिल्लांची दुसरी बाजूही आहे. तेच बीज कावेरीत सोडलं गेलं आणि तिथला मूळचा कुबडवाला महसीर मागे पडला. त्या कुबडवाल्याला नीट शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये मिळाली, तोवर तो नामशेष व्हायच्या वाटेवर होता. चांगल्या हेतूने केलेलं काम दुसऱ्या नदीत जाऊन नडलं.

सह्यभटक्या

मान्य. पण त्याचा दोष पैदास करणाऱ्यांपेक्षा उचलून कुठेही सोडणाऱ्यांकडे जास्त जातो. यावर वेगळा धागा होईल.

शाकाहारी_बोका

मला एक कळत नाही. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. खायचा नसेल तर त्याच्या जबड्यात काटा रुतवण्यात आनंद कसला? भुकेपोटी मारणं मी समजू शकतो, जरी मी खात नसलो तरी. ही करमणूक म्हणजे श्रीमंती चोचले वाटतात.

सुरमई_फ्राय

आयुष्यात पहिल्यांदा बोक्याशी सहमत. सोडायचा?? हातात आलेला??

पेणकर_सुहास

आमच्याकडे जिताडा म्हणजे जावयाला वाढायचा मासा. पेण-अलिबागकडे शेताजवळच्या तळ्यांत वर्षानुवर्षं जिताडे पाळतात, मानाच्या पाहुण्याकडे भेट म्हणून पाठवतात. आठ किलोचा जिताडा पकडून मुका घेऊन सोडला असं आमच्या गावात सांगितलं, तर त्या घरात मुलगी देणार नाहीत.

मुग्धा_ऑकलंड

बोका, प्रश्न रास्त आहे आणि मी गुळगुळीत उत्तर देणार नाही. माशाला त्रास होतो. सोडलेल्यांपैकी काही मरतातही. म्हणूनच सोडायचा असेल तर नीट सोडायचा, नाहीतर सरळ खायचा. काट्याची उलटी नखी पकडीने दाबून सपाट करायची, म्हणजे काटा अलगद निघतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, मासा लवकर दमतो, म्हणून जाड टिपेट (फ्लायला बांधायचा टोकाचा दोरा) लावून लवकर जवळ घ्यायचा, तासभर खेळवत बसायचं नाही. हात ओले करूनच धरायचा. तापलेल्या खडकावर किंवा वाळूत ठेवायचा नाही. फोटो हवाच असेल तर मासा पाण्यात, तोंड प्रवाहाकडे, आणि कॅमेरा खाली.

सुहास, जिताड्याबद्दल एक गंमत. तो आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि पुढे मादी होतो. म्हणजे तुमचा आठ किलोचा बहुतेक आठ किलोची असणार, पोटात लाखो अंडी बाळगणारी. दोन किलोचा जावयाला वाढा, आठ किलोची सोडा. मग मुलगीही मिळेल आणि पुढच्या वर्षी जिताडाही.

पेणकर_सुहास

हे माहीत नव्हतं! वडिलांना विचारलं, त्यांनाही नव्हतं. सासऱ्यांना सांगणार नाही.

वेसावकरीण

माझ्या माहेरी-सासरी दोन्हीकडे मासेमारीवरच पोट. सोडणाऱ्याचं हसू येतं, राग येत नाही. राग येतो तो न विचारता आमच्या जाळ्यांवरून गळ ओढणाऱ्यांचा. एकदा जाळं फाटलं की विणायला किती वेळ लागतो ते येऊन बघा.

नचिकेत भाऊ, मुंबईतल्या मुंबईत नको. मरीन ड्राइव्हच्या सिमेंटच्या तिकाटण्यांवर शेवाळ असतं, पाय सरकला की माणूस फटीत जातो. माहीमच्या खाडीचं पाणी तुम्हाला माहीत आहेच. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. पलीकडे जा, रेवदंड्याला. कुंडलिकेची खाडी, तिवरं चांगली, जिताडा आहे, तांबोशी आहे. गावात गेल्यावर आधी कोळीवाड्यात विचारायचं, जाळी कुठे लावली आहेत आणि होडी मिळेल का. होडीवाल्याला योग्य पैसे द्या, घासाघीस करू नका. तो तुम्हाला मासा दाखवेल, गुगल दाखवणार नाही.

पाण्यात उतरणार असाल तर अनवाणी नको. खडकांवर कालवं असतात, पाय चिरतो. चिखलात पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत घासत पुढे न्यायचं, म्हणजे खाली पाकट बसलेलं असेल तर ते निघून जातं. त्याच्या शेपटीचा काटा लागला की मोठा माणूस रडतो. शिंगाळा लागला तर हाताने काढायला जाऊ नका, त्याच्या कल्ल्यांमागचे काटेही तसेच.

नचिकेत_दादर

ताई, सोन्यासारखी माहिती. दिवस कुठला धरू? दोघं दोन आठवडे आहेत, त्यामुळे निवडायला वाव आहे.

वेसावकरीण

तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पुनवेला नि अवसेला सव्वाअकरा-बारा. मोबाइलमध्ये तक्ता मिळतो, पण बॅटरी संपली तर पंचांग संपत नाही.

उनाड_ठाणेकर

मग अष्टमी-नवमीच घे. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, ओढ कमी, गढूळपणा कमी. मासा फ्लाय डोळ्यांनी बघून घेतो, वासाने नाही. आपल्याकडे उधाणात पाण्याचा चहा झालेला असतो.

पेणकर_सुहास

अजिबात नाही. भांगाला पाणी हलत नाही आणि जिताडा तोंड उघडत नाही. ओहोटीला तिवरांमधून पाणी छोट्या चरांनी खाडीत उतरतं, त्याबरोबर करंदी आणि बोइटांची पिल्लं बाहेर येतात. जिताडा त्या चरीच्या तोंडाशीच उभा असतो, आयतं खायला. पाणी जोरात उतरलंच नाही तर पिल्लं आतच राहतात.

उनाड_ठाणेकर

आणि गढूळ पाण्यात त्याला तुझी फ्लाय दिसणार कशी?

पेणकर_सुहास

मोठी आणि काळी बांधा. माझे काका रात्रीसुद्धा पकडतात, त्यांच्याकडे टॉर्च असते, माशाकडे नसते.

वेसावकरीण

भांडू नका. षष्ठी-सप्तमी घ्या. षष्ठीला साडेचारला भरती, साडेदहाला ओहोटी. उजाडेपर्यंत पाणी निम्मं उतरलेलं, चरी वाहत्या, आणि उधाणाचा जोरही ओसरलेला. साडेदहाला आवरून न्याहारी.

मुग्धा_ऑकलंड

वाऱ्याच्या हिशेबानेही षष्ठीच बरोबर. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आठवा. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे. समुद्राकडे तोंड केलं तर वारा पाठीवर, लाइन पुढे छान जाते. दहा-अकरानंतर खारे वारे सुरू झाले की तीच लाइन नवशिक्याच्या तोंडावर येते. म्हणून टोपी आणि गॉगल सक्तीचे.

नचिकेत_दादर

षष्ठी पक्की! उनाडरावांनी त्यांचा जुना सहा नंबरचा रॉड सरावाला दिलाय, त्यांचे जाहीर आभार. गच्चीवर सराव सुरू केला आहे. लाइन मागे जाते, पुढे येताना फटकन आवाज होतो आणि सगळं पायाशी गुंता. वॉचमन रोज बघायला येतो.

उनाड_ठाणेकर

अरे गच्चीवर नको! सिमेंटवर घासून लाइनचा लेप जातो. लाइन माझी आहे!! गवतावर जा.

फटकन आवाज म्हणजे घाई. लाइन मागे पूर्ण सरळ व्हायच्या आधीच तू हात पुढे आणतोस. मान वळवून मागे बघ, लाइनचं शेवटचं वेटोळं उलगडताना दिसेल, ते उलगडलं की मगच पुढे. मनगट मोडायचं नाही. घड्याळाचे काटे धर, पुढे दहा, मागे दोन, त्याच्या पलीकडे रॉड न्यायचा नाही. आणि टोकाला काटा नको, लाल लोकरीचा तुकडा बांध.

टिवल्याबावल्या

संक्रांत तोंडावर आली आहे. जानेवारीत शिवाजी पार्कवर हात वर करून दोरा फिरवणारा माणूस दिसला की पोरं काटायला येणार. ढील दे!

पवईकर_काका

थट्टा बाजूला ठेवा, पण नायलॉनचा मांजा झाडांत लोंबत असतो आणि पहाटे दिसत नाही. दुचाकीवरून मैदानात जाणार असाल तर गळ्याला रुमाल गुंडाळा. आमच्या सोसायटीत दरवर्षी घार नाहीतर कबुतर अडकलेलं सापडतं.

उनाड_ठाणेकर

नचिकेत, सर्वांत महत्त्वाचं राहिलं. तुझे पाहुणे ट्राउटवाले. मासा लागला की सवयीने रॉड वर उचलणार. जिताड्याला तसं केलंत तर काटा बसतच नाही, जबडा कडक असतो. रॉड पाण्याकडेच रोखून ठेवायचा आणि डाव्या हाताने लाइन जोरात मागे खेचायची. काटा बसल्यावर मग रॉड वर. हे त्यांना तू सांग. यजमानाला एवढा मान मिळालाच पाहिजे.

त्याच्या कल्ल्यांच्या झडपा ब्लेडसारख्या असतात, तेव्हा फ्लायच्या आधी हातभर जाड नायलॉन, तीस-चाळीस पौंडाचं. संध्याकाळी रॉड-रील गोड्या पाण्याने धुवायचं, बादलीत बुडवून नाही, वरून हलकं ओतून. नाहीतर खारं पाणी रीलच्या आत जाऊन बसतं.

शाकाहारी_बोका

आणि काटा माणसाला लागला तर? (काळजीने विचारतोय.)

मुग्धा_ऑकलंड

नखी दाबलेली असेल तर आला तसाच मागे निघतो. नसेल तर काट्याच्या वळणात जाड दोऱ्याचा फास अडकवायचा, दुसऱ्याने काट्याचा दांडा कातडीवर घट्ट दाबून धरायचा आणि दोरा दांड्याला समांतर, झटक्यात मागे खेचायचा. बोलता बोलता खेचायचा, मोजून नाही. डोळ्याजवळ किंवा सांध्यात असेल तर हात न लावता सरळ डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते तिघांनीही आधीच बघून ठेवा.

नचिकेत_दादर

तर आता ठरलं ते असं. पंचमीला दुपारी भाऊच्या धक्क्यावरून रोरो बोटीने गाडीसकट मांडवा, तिथून चाळीसएक किलोमीटर रेवदंडा. मुक्काम गावात. षष्ठी आणि सप्तमी पहाटे होडीने खाडीत. मुंबईला परतल्यावर तिसरा दिवस वाळण कोंड, रॉड मुंबईतच. दोन किलोपर्यंतचा एक जिताडा खायला, बाकी सगळे पाण्यात, यावर मेलमध्ये दोघांचंही एकमत झालंय. नखी दाबायला पक्कड घरातली घेतोय.

शिवाजी पार्कवर आता लोकर साधारण जिथे म्हणतो तिथे पडते. एक आजोबा रोज चक्कर थांबवून बघतात आणि "आज बरं चाललंय" म्हणतात.

एक शेवटचा प्रश्न. मित्राच्या बायकोला कोळंबीची ॲलर्जी आहे हे परवा कळलं. गरीला लावायची नाहीये, पण रेवदंड्याला जेवणात काय सांगून ठेवू? कालवणात करंदी असतेच.

वेसावकरीण

घरगुती जेवण देणाऱ्या बाईला आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगा: करंदी, कोळंबी, जवळा, अगदी सुक्या जवळ्याची चटणीसुद्धा नाही, आणि तवा-तेल वेगळं. शेवळांच्या भाजीचा हंगाम नाही, पण वालाचं बिरडं नि तांदळाची भाकरी मिळेल. जिताडा मिळाला तर तो आहेच.

सुरमई_फ्राय

आणि नाही मिळाला तर?

पेणकर_सुहास

तर आमच्या तळ्यातला नेऊन देतो. दोन किलोचा, नर. फक्त फोटोत रॉड हातात धरायचा नाही.